नाताळच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन कोलकाता: तीन रात्रींचा प्लॅन कसा लावायचा

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही तीन वर्षं कोलकात्याला होतो आणि त्या तीन वर्षांत डिसेंबरचा शेवटचा आठवडा आमच्या घरी पाहुण्यांशिवाय गेलाच नाही. एका वर्षी नणंद, एका वर्षी माझी मावशी-काका, आणि एका वर्षी धाकटे दीर बायकोमुलांसकट, ते तर एक्सेल शीट घेऊनच आले, तीन दिवस, २२ ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ टाकलेली, अगदी मधला चहासुद्धा. पहिल्याच दिवशी जेवून थोडं लवंडले, चारला उठले, आवरून निघेपर्यंत पाच वाजले आणि बाहेर बघतात तर अंधार. "वहिनी, इकडे ग्रहण वगैरे आहे का आज?"

तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा. डिसेंबरात कोलकात्यात सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो आणि पाचच्या आसपास मावळतो, म्हणजे आपल्या मुंबई-पुण्यापेक्षा तासभर आधीच सगळं. घड्याळ तेच असतं म्हणून फसायला होतं. मुंबईसारखं "नाश्ता करून दहाला निघू" केलंत की तुमच्या हातात दिवसाउजेडी जेमतेम सात तास, त्यात जेवण, ट्रॅफिक आणि धाकट्याची शू. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं यावरच बेतलेलं आहे: सकाळी लवकर बाहेर पडायचं, दुपारी रूमवर येऊन पाय पसरायचे, संध्याकाळी एकच गोष्ट.

तारखा आधी ठरवा, ठिकाणं नंतर

शाळेचं बघा पहिलं. सीबीएसई, आयसीएसई, कॉन्व्हेंटवाल्यांना बहुतेक २४-२५ ते १ तारखेपर्यंत सुट्टी मिळते, स्टेट बोर्डाच्या कितीतरी शाळांना मात्र नाताळची एकच दिवस सुट्टी, मग दोन दिवस दांडी मारावी लागते आणि त्या दांडीच्या दिवशी नेमकी युनिट टेस्ट निघते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी विचारून घ्या, लाज वाटू देऊ नका.

माझ्या मते सगळ्यात चांगला हिशोब म्हणजे २३ ला दुपारपर्यंत पोचायचं आणि २६ ला संध्याकाळी निघायचं. बरेच लोक २४ ला रात्री पोचतात आणि २५ ला "ख्रिसमस बघायला" बाहेर पडतात, ते नका करू, का ते पुढे सांगते. रोषणाई (पार्क स्ट्रीटवरची, नाताळची मुख्य गर्दी त्याच रस्त्यावर) साधारण विसाव्या तारखेच्या आसपासच लागलेली असते आणि वर्षाच्या शेवटापर्यंत असते, त्यामुळे २३ ला गेलात तरी काही म्हणजे काही चुकत नाही.

वारसुद्धा बघा. व्हिक्टोरिया मेमोरियलची गॅलरी आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद, अलिपूरचं प्राणीसंग्रहालय एरवी गुरुवारी बंद, मदर तेरेसांचं मदर हाऊसही गुरुवारी बंद. नाताळच्या आठवड्यात यात बदल होतात, तर त्या वर्षीची सुट्ट्यांची यादी त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर निघायच्या आधी बघून घ्या, गेटवर जाऊन परत येणं मुलांना समजावता येत नाही.

तिकिटं

तीन रात्रींसाठी जायचं असेल तर विमानच. मुंबईहून पावणेतीन तासांच्या आत-बाहेर लागतात. ट्रेनची गंमत वेगळीच आहे हे मला मान्य, गीतांजली सीएसएमटीहून सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला, पुण्याहून आझाद हिंद, पण दोन्हीकडे तीस-तीस तास म्हणजे तुमची अर्धी सुट्टी डब्यात. नागपूरकरांना मात्र ट्रेन अगदी सोयीची, रात्रीत आणि थोड्या दिवसात पोचता. ट्रेनचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १२० चं ६० झालं, म्हणजे २३-२४ डिसेंबरचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायचं. नेमकं दिवाळीच्या गडबडीत येतं ते, म्हणून मोबाइलवर अलार्म लावून ठेवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, हे खूप जणांना अजून माहीत नसतं आणि मग बुकिंग करताना नवराबायकोत वाद.

विमान शक्यतो दुपारी पोचणारं घ्या. डिसेंबरअखेर कोलकात्यात सकाळी धुकं असतं, पहाटेची फ्लाइट स्वस्त दिसते पण तीच लेट होते, आणि लेट झाली की पुढचा अख्खा दिवस चिडचिडीत. आमच्या नणंदेची अशीच चार तास लेट झाली होती, धाकटा विमानतळाच्या फरशीवर झोपला, थोरलीने सगळा खाऊ संपवला, आणि घरी आल्यावर ती मला म्हणाली आता मला फक्त वरणभात दे, कोलकाता उद्या बघू.

कुठे राहायचं

नकाशा उघडा आणि कोलकाता मेट्रोची ब्लू लाइन बघा, दक्षिणेश्वरपासून दक्षिणेकडे शहराच्या मधून उभी जाते ती. तुम्हाला बघायच्या बहुतेक गोष्टी या लाइनच्या काठाकाठाने आहेत. तर हॉटेल हे या लाइनच्या एखाद्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत हवं, एवढी एकच अट. रवींद्र सदन, भवानीपूर, हाजरा हा भाग मला कुटुंबासाठी सगळ्यात बरा वाटतो. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवाससुद्धा आहे, तिथली जुनी मराठी मंडळी चालवतात. न्यू टाउन, सॉल्ट लेकला मोठमोठी हॉटेलं छान मिळतात, पण तिथून रोज शहरात यायचं म्हणजे जाण्यायेण्यातच जीव जातो.

अगदी पार्क स्ट्रीटवर हॉटेल घेऊ नका, निदान २४-२५ ला तरी. संध्याकाळी तो रस्ता गाड्यांना बंद करतात, तुमची टॅक्सी लांब सोडते, आणि बॅगा, म्हातारं माणूस आणि झोपलेलं मूल घेऊन त्या गर्दीतून चालायचं.

बुकिंगच्या आधी हॉटेलला एक फोन करा, ॲपवर विसंबू नका. फोनवर विचारायचं ते असं: २४ ला रात्री "गाला डिनर" सक्तीचं आहे का (असतं बऱ्याच ठिकाणी, आणि माणशी लावतात, मुलांचंही), जास्तीची गादी मिळेल का आणि तिचे किती, लिफ्ट आहे का, दुपारी रूमवर येऊन खाली काही साधं खायला मिळेल का. आम्ही स्वतः कोलकात्याला शिफ्ट व्हायच्या आधी एकदा घर शोधायला म्हणून आलो होतो तेव्हा या गाला डिनरने आम्हाला चांगलंच कापलं होतं. बिलात बघितलं तर चार वर्षांच्या मुलाचंही पूर्ण जेवण, आणि त्याने खाल्ली काय तर एक पापडी. बुकिंगच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. होतं खरंच.

विमानतळावरून शहरात

ऑगस्ट २०२५ पासून विमानतळालाही मेट्रो लागलीय, जय हिंद स्टेशन, तिथून नोआपाडाला येऊन ब्लू लाइन पकडायची. दोघंच असाल आणि एकेक सॅक असेल तर झकास. पण मुलं, आजी आणि तीन बॅगा असतील तर पहिल्या दिवशी प्रीपेड टॅक्सी किंवा ॲपवाली कॅब करा, तिथे पैसे वाचवू नका. पिवळी ॲम्बेसेडर दिसली तर मुलांना मुद्दाम त्यात बसवा, आता कमी कमी होत चालल्यात, आणखी काही वर्षांनी फोटोतच. डिकीत स्पेअर टायर असतो त्यामुळे सामान फार मावत नाही, एवढंच.

ड्रायव्हरला "दादा" म्हणा. तिकडेही दादाच. बायकांना "दीदी", वयस्कर बाईंना "माशीमा". हिंदी सगळीकडे चालतं पण दोनचार शब्द तोंडात असले की माणसं एकदम खुलतात: "कोतो?" म्हणजे किती, "झाल" म्हणजे तिखट. मुलांसाठी फुचका (आपली पाणीपुरी, पण त्यांना तसं म्हणू नका, भांडण होईल) घेताना "झाल छाडा" म्हणायचं, तिखट न घालता देतात. "निरामिष" हा शब्द घरातल्या शाकाहारी माणसाने पाठच करावा. नुसतं "व्हेज" म्हटलं की मान डोलावतात आणि मग भाजीत माशाचं डोकं निघतं, असं आमच्या मावशीचं झालं एका लग्नात. निरामिष म्हटलं की मग खरंच निरामिष.

पहिला दिवस, २३: पार्क स्ट्रीट याच दिवशी उरकून घ्या

दुपारी पोचलात, जेवलात, झोपलात. पाचला अंधार होतो तो आज तुमच्या फायद्याचा. साडेपाचला मेट्रोने पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरा आणि चालत अॅलन पार्कपर्यंत जा. २०११ पासून इथे सरकारी कोलकाता ख्रिसमस फेस्टिव्हल होतो, स्टेज असतं, कॅरल गातात, खायचे स्टॉल. रस्त्यावर डोक्यावरून दिव्यांच्या कमानी, फुटपाथवर लाल टोप्या आणि चमकणारी शिंगं विकणारे, तुमची मुलं ती शिंगं मागणारच, घेऊन टाका.

बंगाल्यांत नाताळला "बॉडोदिन" म्हणतात, मोठा दिवस. आणि तो ख्रिश्चनांचा सण आहे असं कुणाला वाटतच नाही. मुखर्जी, बॅनर्जी, खान, सगळे घरच्यासारखे रस्त्यावर, आपल्याकडे गणपती बघायला निघतात तसे.

आता गणपतीचंच उदाहरण पुढे न्या. लालबागला तुम्ही चार वर्षांच्या पोराला घेऊन शेवटच्या रविवारी रात्री जाल का? नाही ना? मग २५ ला संध्याकाळी पार्क स्ट्रीटला जाऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी गेलो होतो, हौस. बाबागाडी घेऊन. पाऊण तासात आम्ही चाललो असू तीनशे पावलं, बाबागाडी दुमडून नवऱ्याच्या डोक्यावर, मूल माझ्या कडेवर, मेट्रोच्या गेटबाहेर रांग, आणि मोबाइलला नेटवर्क नाही. पोलीस बंदोबस्त चोख असतो, माणसंही चांगली वागतात, पण लहान मुलाच्या उंचीवरून त्याला दिसतं काय तर लोकांच्या कमरा. २३ ला दिवे तेच असतात, केक तोच असतो, आणि जागा असते.

जेवायला पार्क स्ट्रीटवरच्या नामांकित हॉटेलांत या आठवड्यात तासदीड तास थांबावं लागतं. चेलो कबाब (भातावर वाढलेले कबाब) खायचाच असेल तर दुपारच्या जेवणाला बाराच्या ठोक्याला दारात उभं राहा. संध्याकाळी काठी रोल घ्या, उभ्याउभ्या खा, मुलं खूश. फ्लुरीज १९२७ पासून आहे, बाहेरून काचेतून केक बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरा दिवस, २४

साडेसातला व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत. आतली गॅलरी दहाच्या सुमाराला उघडते पण बाग सकाळपासून उघडी असते आणि खरं सांगायचं तर मुलांना बागच हवी. सकाळच्या धुक्यात तो पांढरा घुमट हळूहळू वर येताना दिसतो, तळ्यात त्याचं प्रतिबिंब, आणि मंकी टोपी घालून फिरायला आलेले काका, बाहेर तापमान असतं १५ आणि अंगावर काश्मीरला निघाल्यासारखे कपडे. संगमरवर मकराण्याचा, म्हणजे ताजमहालाचा तोच, १९२१ मध्ये उघडलं. आत जायचंच असेल तर उघडल्या उघडल्या जा.

तिथून चालत सेंट पॉल्स कॅथेड्रल. १८४७ चं चर्च. वरचा मनोरा १९३४ च्या भूकंपात पडला आणि मग कँटरबरीच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यासारखा नवा बांधला. २४ ला सकाळी आत सजावट चाललेली असते, शांत असतं, रंगीत काचा नीट बघता येतात. रात्रीच्या प्रार्थनेला जायचं ज्यांना आहे त्यांनी जावं, पण मुलं तोवर कुठली जागी राहतात. शेजारीच बिर्ला तारांगण आहे, खेळ हिंदी, इंग्रजी आणि बंगालीतून असतात, हिंदीची वेळ विचारून घ्या. दीरांच्या मुलाने बंगाली शो पूर्ण बघितला आणि म्हणाला समजलं सगळं. काय समजलं ते सांगितलं नाही.

संध्याकाळसाठी दोन पर्याय. मुलं दमली असतील तर काहीच करू नका. पण घरात आजीआजोबा असतील आणि कुणालाही विवेकानंदांबद्दल प्रेम असेल तर बेलूर मठात, म्हणजे रामकृष्ण मठाच्या मुख्य ठिकाणी जा. मी हे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि फक्त सासूबाईंनीच ऐकलं. १८८६ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री आंटपूर नावाच्या गावात नरेंद्र (म्हणजे पुढचे विवेकानंद) आणि त्याच्या गुरुबंधूंनी धुनीभोवती बसून संन्यासाचा निश्चय केला, त्या रात्री ते येशूबद्दलच बोलत होते, नंतर त्यांच्या लक्षात आलं की आज ख्रिसमस ईव्ह. म्हणून रामकृष्ण मठात २४ ला संध्याकाळच्या आरतीनंतर येशूची पूजा होते. भगवी वस्त्रं घातलेले संन्यासी, मरियम आणि बाळ येशूची तसबीर, फुलं, मेणबत्त्या, आणि नैवेद्याला केक. बायबल वाचतात, कॅरल म्हणतात. आमच्या सासूबाई आयुष्यभर अंड्याचा केक घरात आणू न देणाऱ्या, त्या हात जोडून त्या केककडे बघत राहिल्या आणि मग माझ्या कानाशी येऊन, "यात अंडं असेल का गं?" मी म्हटलं, आई, नैवेद्य आहे, मी कशी विचारू.

जायला हावड्याहून टॅक्सी किंवा फेरी. दुपारी मंदिर बंद असतं ते चारच्या आसपास उघडतं, तेव्हाच पोचा, म्हणजे गंगेच्या काठी उजेडात बसता येईल. मंदिरात फोटो काढू देत नाहीत. परतीची कॅब मिळायला त्रास होतो, म्हणून येताना केलेल्या टॅक्सीवाल्यालाच थांबवून घ्या.

तिसरा दिवस, २५: सगळी मजा सकाळी

आज शहर रात्री जागलेलं असतं, म्हणून सकाळी रस्ते रिकामे. सहाला उठा. (मुलांना उठवताना शिव्या खाल, हावड्याला पोचल्यावर विसरतील.) हावडा पुलाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार, झेंडूच्या दोरखंडाएवढ्या जाड माळा डोक्यावर घेऊन माणसं पळत असतात, खाली चिखल असतो तेव्हा जुने बूट घाला आणि मुलांचा हात सोडू नका, हमाल थांबत नाहीत. दादरचा फुलबाजार बघितला असेल तर त्याच्या कितीतरी पट. मग पूल चालत ओलांडा. १९४३ चा पूल, नटबोल्ट नाहीत, सगळा रिव्हेटवर जोडलेला, हे मुलांना आधी सांगा, मग ती अख्खा पूल नट शोधत चालतात आणि कडेवर घ्या म्हणत नाहीत.

पलीकडे हावडा स्टेशनपाशी मेट्रोत उतरा. खूप खोल आहे, तीसेक मीटर, सरकते जिने संपतच नाहीत. हीच ती नदीखालून जाणारी मेट्रो, मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली. नदीखालचा पट्टा ५२० मीटरचा, ४५ सेकंदांत संपतो, तेवढ्यात बोगद्यात निळे दिवे लागलेले दिसतात. इथे एक सूचना: मुलांना "पाण्याखालून जाणारी ट्रेन" असं सांगू नका. आमचा धाकटा काचेला नाक लावून बसला होता मासे बघायला, आणि एस्प्लनेड आल्यावर ढसाढसा रडला. त्याला परत एकदा तसंच मागे नेऊन आणलं, तेव्हा पोलिसदादाने सांगितलं की मासे आज सुट्टीवर आहेत.

येताना मेट्रो, जाताना फेरी, किंवा उलटं, पण दोन्ही करा. फेरीचं तिकीट इतकं स्वस्त असतं की सुट्टे पैसे हवेत.

एस्प्लनेडला बाहेर आलात की न्यू मार्केट जवळच. १८७४ चं, जुनं नाव हॉग मार्केट. आत नाहूम्सची बेकरी, १९०२ पासूनची, बगदादी ज्यू कुटुंबाची. शहरात आता ज्यू माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत पण नाताळचा प्लम केक मात्र लोक त्यांच्याकडूनच घेतात. रांग २३-२४ ला सगळ्यात जास्त, गल्लीभर. तर केक घरी न्यायचा असेल तर २६ ला सकाळी घ्या, तीच चव, आणि रांगेत उभं राहून तुमच्या तीन दिवसांतला दीड तास जात नाही.

दुपारी चारच्या सुमाराला, उजेड असताना, बो बॅरॅक्स. सेंट्रल मेट्रोपासून चालत. लाल विटांच्या तीनमजली चाळी, हिरव्या खिडक्या, पहिल्या महायुद्धाच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या, आता अँग्लो-इंडियन कुटुंबं राहतात. मधल्या चौकात झाड, दिवे, गाणी, कुणी घरी केलेला केक आणि वाइन विकत असतं. आपल्या गिरगावातल्या चाळीत गणपतीला जसं वातावरण असतं ना, तसं. पण ही लोकांची घरं आहेत हो. मी डोळ्यांनी बघितलंय, लोक खिडकीत फोन घालून आतल्या आजींचा फोटो काढतात, त्या बिचाऱ्या भाजी चिरत असतात. आधी "मेरी ख्रिसमस आंटी" म्हणा, केकचा एक तुकडा विकत घ्या, मग विचारून काढा. अर्धा तास पुरे. अंधार पडून गर्दी वाढायच्या आत निघा, आणि आजची संध्याकाळ हॉटेलपाशी.

प्राणीसंग्रहालयाचं विचाराल तर २५ डिसेंबर आणि १ जानेवारी हे तिथले वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस. प्राणी तुम्हाला बघतील. मुलांचा हट्टच असेल तर त्याऐवजी सायन्स सिटी, आणि तेही २६ ला.

२६: म्युझियम, मिठाई आणि मराठ्यांचा खंदक

निघायच्या दिवशी बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनला ठेवा आणि इंडियन म्युझियम करा. १८१४ साली सुरू झालेलं, देशातलं सगळ्यात जुनं. बंगालीत त्याला "जादूघॉर" म्हणतात, मुलांना हे कळलं की जादूचे प्रयोग कुठे आहेत विचारतात, त्यांना सरळ ममीकडे न्यायचं. इजिप्तची खरी ममी. भरहुतच्या बौद्ध स्तूपाचे कोरीव दगडी कठडे मोठ्यांसाठी. दोन तासांच्या वर थांबू नका.

एक आपल्या लोकांसाठी. मदर हाऊस ज्या रस्त्यावर आहे तो आचार्य जगदीशचंद्र बोस रोड, जुना लोअर सर्क्युलर रोड. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर आल्या तेव्हा कोलकातेकरांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. आपले लोक कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला, आणि पुढे तो बुजवून हा रस्ता झाला. आपले बारगीर (मराठा फौजेतले घोडेस्वार) म्हणजे त्यांचे "बर्गी". बंगाली आया अजूनही बर्गी येतील म्हणणारं अंगाईगीत गातात. आमच्या शेजारच्या माशीमांना कळलं आम्ही महाराष्ट्रातले, तर पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "ओ बाबा, बर्गी एशे गेछे!" (बर्गी आले की!) आणि हसत हसत वाटीभर पायेश, म्हणजे खीर दिली. टॅक्सीतून त्या रस्त्याने जाताना मुलांना नक्की सांगा, पण ड्रायव्हरसमोर फार छाती फुगवून नको, त्या स्वाऱ्यांत तिथल्या गावांचे हाल झाले होते.

आणि मिठाई. डिसेंबरात कोलकात्याला जाण्याचं खरं कारण माझ्या मते दिवे नाहीतच, नोलेन गूर आहे. खजुरीच्या झाडाला थंडीत रात्री मडकं बांधतात, सकाळी रस उतरवून आटवतात, तो हा नवा गूळ. रंग काळपट तांबूस, वास असा की थोडा धुराचा, थोडा कॅरॅमलचा. मिठाईच्या दुकानात जाऊन फक्त "नोलेन गूर" म्हणा, संदेश, रोशोगोल्ला, पायेश जे देतील ते खा. रोशोगोल्ला मडक्यातला, कोमट असताना, दुकानातच. जयनगरचा मोआ मागा, कनकचूर धानाच्या लाह्या आणि हाच गूळ, आपल्या लाह्यांच्या लाडवाचा श्रीमंत मावसभाऊ, तो थंडी संपली की मिळत नाही. सकाळी नाश्त्याला कडाईशुटीर कोचुरी, म्हणजे ओल्या मटारची कचोरी आणि बटाट्याची रस्साभाजी, हीही थंडीतलीच.

घरी न्यायला गूळ दोन प्रकारचा मिळतो. घट्ट तो "पाटाली", ढेपा असतात, कागदात गुंडाळून केबिन बॅगेतसुद्धा जातो. पातळ तो "झोला", चवीला जास्त चांगला पण न्यायला महाकठीण. मी एका वर्षी झोला गुळाची प्लॅस्टिकची बाटली स्वेटरांच्या घडीत ठेवली होती, डोंबिवलीला बॅग उघडली तर नवऱ्याचा एकुलता एक चांगला स्वेटर गुळात. तीन धुण्यांनंतरही त्याला वास येत होता आणि मुंग्या. झोला न्यायचाच असेल तर स्टीलचा फिरकीचा डबा घरून घेऊन जा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वरून टेप, मग दोन पिशव्या, आणि चेक-इन बॅगेत उभा. आणि मिठाईवाल्याला डबा तोंडापर्यंत भरू देऊ नका, बोटभर जागा सोडायला सांगा, ते प्रेमाने वरपर्यंत भरतात.